थ्रीएम ५२००: पकड जबरदस्त, पण ते बोटीवर नेमकं कुठे लावायचं?

थ्रीएमचं मरीन सीलंट ५२००, म्हणजे जोड चिकटवून पाणी अडवणारी नळीतली पेस्ट, आम्ही मालवणजवळ देवबागला आमच्या पर्यटनाच्या बोटींवर बरीच वर्षं वापरतोय. बोटी फायबरच्या, मागे आऊटबोर्ड इंजिन, वर पाइपांवर ताणलेलं छत. कर्लीच्या खाडीतून संगमाकडे, त्सुनामी बेटावर, हवा चांगली असेल तर डॉल्फिन बघायला बाहेर, असा रोजचा फेरा. इंजिन दादा बघतो. फिटिंग, सीलिंग आणि फायबरचं बारीकसारीक काम माझ्याकडे. त्यामुळे या नळीने माझी नखं वर्षातून बरेच दिवस पांढरी असतात.

पाचपैकी तारे किती, असं कुणी विचारलं तर मी आधी जागा विचारते. पाण्याखालचा आणि पुन्हा कधीच उघडायचा नाही असा जोड असेल तर पाच. डेकवरचा क्लीट (दोर बांधायचा खुंटा), छताच्या पाइपाचा पाया, बिल्ज पंपाचं (तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं) आउटलेट असेल तर एक. सीलंट दोन्हीकडे तेवढंच उत्तम चिकटतं. अडचण चिकटण्याची नाहीच, ते पुढे सोडवायचं कसं याची आहे.

आधी ते काय आहे ते सांगते, कारण आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात सगळ्याच नळ्यांना सरसकट ‘सिलिकॉन’ म्हणतात. ५२०० हे सिलिकॉन नव्हे, पॉलियुरेथेन आहे. हवेतला दमटपणा शोषून ते सेट होतं. यात मिसळायला वेगळा हार्डनर नसतो. साध्या ५२००चा चिकटपणा जायला ४८ तास आणि पूर्ण सेट व्हायला ५ ते ७ दिवस लागतात. ‘फास्ट क्युअर’ प्रकार तासाभरात हाताला लागेनासा होतो आणि २४ तासांत तयार. सेट झाल्यावर ते कडक होत नाही, रबरासारखं लवचीक राहतं, आणि फायबरच्या बोटीला तेच हवं असतं. लाटेवर बोट आपटली की हल (बोटीचं खालचं अंग) आणि डेक दोन्ही थोडे थोडे वाकतात. एम-सील किंवा नुसता रेझिन भरलेला जोड तिथे तडकतो. हा जोड बोटीबरोबर हलतो आणि तरी सुटत नाही.

पकडीबद्दल शंका घेण्यासारखं काही नाही. आमच्या जुन्या बोटीचा हल आणि डेक जिथे एकमेकांवर बसतात, तो कडेचा संपूर्ण जोड आम्ही रबर पट्टी काढून उघडला होता. आतली जुनी पुट्टी भुगा होऊन पडत होती. दोन्ही बाजू ८० नंबरच्या पेपरने घासल्या, ॲसिटोनने पुसल्या, ५२०० भरलं, बोल्ट आवळले आणि आठवडाभर बोटीला हात लावला नाही. त्यानंतर त्या जोडातून पाण्याचा थेंब आलेला नाही. दक्षिणेचं वारं सुटल्यावर संगमाच्या तोंडावर बोट कशी आदळते हे ज्याने पाहिलंय, त्याला हे किती मोठं प्रशस्तिपत्र आहे ते कळेल.

पण आपल्या किनाऱ्याचं एक वेगळेपण आहे, आणि ते परदेशी व्हिडिओंत कुणी सांगत नाही. आपली बोट दरवर्षी वर येते. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, आमची पर्यटनाची वाहतूक तर मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत बंद. बोट माडांखाली ओढली की तीन महिने ती उघडायची, वाळवायची आणि पुन्हा बांधायची. क्लीट काढून खालची फळी बघायची, पंप बदलायचा, बोल्ट गंजला का ते पाहायचं. जी वस्तू दर पावसाळ्यात किंवा एकाआड एक पावसाळ्यात उघडायची आहे, ती ५२००ने बसवणं म्हणजे पुढच्या कामाची वाट स्वतःच बंद करणं.

याचा पुरता अनुभव एका जुन्या बोटीने दिला. ती आम्ही मालवणच्या पलीकडून घेतली. आधीच्या मालकाने वर दिसणारी झाडून सगळी फिटिंग कायमच्या पॉलियुरेथेनने बसवलेली. कुठल्या कंपनीचं होतं देव जाणे, पण जातकुळी हीच. नाळेजवळचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, एसएसचा क्लीट जरा हलत होता, म्हणजे खालची प्लाय भिजलेली. आम्ही खालून चारही नट काढले, बोल्ट ठोकून वर काढले, तरी क्लीट जागचा हलेना. शेजारचे काका बघत उभे होते, म्हणाले, “ता काय परत सुटूचा नाय गो.” दादाने पहार आणली होती, ती मी त्याला लावू दिली नाही. अशा वेळी पहार लावली की क्लीट येतो, पण त्याच्याबरोबर जेलकोट (फायबरचा वरचा गुळगुळीत थर) आणि खालच्या मॅटचा (काचेच्या धाग्यांच्या चादरीचा) थरही उचलून येतो. सीलंटची पकड फायबरच्या थरांमधल्या पकडीपेक्षा जास्त असते, म्हणून आधी बोट फाटते.

मग सुटतं कसं? हीट गन घेऊन धातूवर गरम हवा फिरवत राहायची. फायबरवर नाही, धातूवर, आणि एका जागी धरायची नाही, नाहीतर जेलकोट पिवळा पडून फुगतो. धातू तापला की खालचं सीलंट मऊ होतं. मग कडेला बारीक स्टीलची तार घालायची, तिच्या दोन्ही टोकांना लाकडाचे तुकडे बांधायचे आणि करवतीसारखी मागे-पुढे ओढत न्यायची. साधा तंगूस (नायलॉनचा दोरा) इथे चालत नाही, उष्णतेने ताणतो आणि तुटतो. तार आत शिरली की पुन्हा थोडी उष्णता, पुन्हा चार हात ओढ. मधेच तार अडली तर जोर न लावता बाजूने पातळ स्क्रॅपर सरकवायचा. त्या एका क्लीटला आमची सकाळ गेली. तो निघाल्यावर तळाला चिकटलेला पांढरा थर ब्लेडने खरवडायला दुपार गेली. पॉलियुरेथेन मऊ करणारे खास द्रव बाहेर मिळतात, पण आपल्याकडे ते मागवून हातात पडेपर्यंत काम थांबतं.

क्लीटखालची प्लाय निघाली ती चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. बोटाने उकरून काढली.

आता खरा मुद्दा. फायबर स्वतः कुजत नाही, पण डेकमध्ये आणि मागच्या ट्रान्सममध्ये (इंजिन अडकवतात त्या भिंतीत) बहुतेक बोटींना आत प्लाय घातलेली असते, आणि आपण भोक पाडतो ते त्या प्लायमधून. सीलंट कितीही महाग असलं तरी ते फक्त वरचं दार बंद करतं. बोल्टच्या भोकाच्या भिंतीला उघडी प्लाय असेल आणि वरचा थर कुठे केसाएवढा जरी सुटला, तर पाणी प्लायमध्येच जाणार. प्लाय ते आडवं पसरवते. बाहेरून काहीही दिसत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ट्रान्समवर ठोकत गेलं की कळतं: चांगल्या जागी टणक, खणखणीत आवाज, भिजलेल्या जागी बद्द. जुनी बोट घेताना आधी हे ठोकून बघा, इंजिनाचा आवाज नंतर ऐका.

म्हणून भोक तयार करणं हे सीलंट निवडण्याआधीचं काम आहे. ८ मिमीचा बोल्ट असेल तर मी भोक १२ मिमीचं पाडते, भोवतीची प्लाय थोडी कोरून काढते, खालून टेप लावते आणि जाड केलेला इपॉक्सी ओतून ते पूर्ण भरते. इथे साधा पॉलिस्टर रेझिन नको, लाकडाला इपॉक्सीच नीट धरतो. तो कडक झाला की त्याच्या मधोमध ८ मिमीचं भोक. आता बोल्टभोवती सगळीकडे इपॉक्सीची भिंत आहे, पाणी आलंच तर ते सरळ खाली बिल्जमध्ये टपकेल, प्लायला शिवणार नाही. गळती डोळ्यांना दिसते हा त्याचा मोठा फायदा. भोकाचं वरचं तोंड काउंटरसिंकच्या बिटाने थोडं तिरपं कापून घ्यायचं. त्या तिरप्या खाचेत सीलंट गोळा होऊन बोल्टभोवती रबरी रिंगसारखं बसतं, आणि खरं पाणी अडवते ती ही रिंग. सपाट पृष्ठभागावरचा कागदाएवढा पातळ थर काही अडवत नाही.

याच कारणाने बोल्ट एका दमात आवळून टाकू नयेत. सगळं सीलंट बाहेर पिळून येतं आणि आत उरतं ते नावापुरतं. मी बोल्ट हाताने टेकतील एवढेच आवळते, चारही बाजूंनी सीलंट सारखं बाहेर आलं की थांबते. आत मिलिमीटरभर तरी थर राहिला पाहिजे. दुसऱ्या फेरीत नट फिरवायचा तो खालून, वरचं बोल्टचं डोकं पान्याने धरून ठेवून. डोकं फिरलं की रिंग तुटली. बाहेर आलेलं सीलंट आइस्क्रीमच्या काडीने एका ओढीत काढायचं, आधी लावलेली मास्किंग टेप ओली असतानाच उचलायची आणि राहिलेले डाग टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायचे. स्पिरिट अजिबात नको. न सेट झालेल्या पॉलियुरेथेनला अल्कोहोल लागलं की तेवढा भाग सेट होतच नाही, महिन्याने हात लावून बघा, चिकटच. सॅनिटायझर लावलेल्या हातानेही हेच होतं, कारण त्यातही अल्कोहोलच.

हातमोजे घाला आणि हे काम उघड्यावर करा. यात आयसोसायनेट असतात. दमा असलेल्या माणसाने बंद केबिनमध्ये बसून हे लावू नये. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या मुलाला खोकला आहे, त्याला मी या कामाला बसवतच नाही.

मग डेकवर मी काय वापरते? सिकाफ्लेक्स-२९१आय. हेही पॉलियुरेथेनच, ३०० मिलीच्या नळीत येतं, पाण्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे चालतं. पकड भरपूर, पण ब्लेड आणि तार लावली तर माणसाच्या ताकदीने सुटतं. लावायलाही सोपं. ५२०० गनमधून काढताना मनगट दुखतं, हे सुरळीत येतं आणि ओघळत नाही. कातडी धरायला साधारण तास लागतो असं धरून चाला, पण आपल्या दमट हवेत तो त्याहून कमी भरतो. बिल्ज पंपाचं आउटलेट, नाळेचा क्लीट, छताच्या पाइपांचे पाये, दिव्यांच्या वायरची भोकं, हे सगळं आता यावर. थ्रीएमचंच ४२०० याच कामासाठी आहे, ५२०० च्या साधारण निम्म्या ताकदीचं. मिळालं तर तेही घ्या. आमच्याकडे सिकाची नळी जास्त सहज येते, एवढाच फरक.

एक मात्र पाळा: पुढच्या ॲक्रिलिकच्या काचेला २९१ लावू नका. अशा प्लास्टिकला त्याने बारीक तडे जातात, कंपनीही तसं सांगते. त्याच कंपनीचं २९५ यूव्ही नावाचं वेगळं सीलंट त्यासाठी आहे.

जिथे बोल्ट आरपार आहेत, जागा पाण्याच्या वर आहे आणि वस्तू वारंवार उघडायची आहे, तिथे ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) मला सगळ्यांत आवडते. ती सेट होतच नाही, वर्षानुवर्षं मऊ राहते. बोल्टभोवती बारीक वळी करून गुंडाळायची, फिटिंग बसवायचं आणि दोन-तीन दिवस थोडं थोडं आवळत जायचं. उघडताना नट काढा, फिटिंग हातात येतं, आणि जेलकोटला ओरखडासुद्धा नाही. फक्त पेट्रोल सांडतं अशा जागी, म्हणजे टाकीच्या तोंडाजवळ, ती लावू नका, विरघळते. आणि छताच्या पत्र्यांसाठी मिळणारी चंदेरी फॉइलची टेप ती ही नव्हे. आपल्याला नुसती, दोन्ही बाजूंनी चिकट टेप हवी.

सिलिकॉनबद्दल फार लिहीत नाही. स्वस्त आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि बाथरूममध्ये ठीक आहे. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, ते तर बोटीवर आणूच नका, धातूला खातं. पण खरा त्रास पुढे होतो. सिलिकॉन खरवडून काढलं तरी जेलकोटवर त्याचा अदृश्य पापुद्रा राहतो आणि त्यावर ना रेझिन धरत, ना रंग, ना नवं सीलंट. एकदा सिलिकॉन लावलेली जागा घासून थेट थराखाली जावं लागतं.

आणि हलला भेग असेल तर कुठलीच नळी उघडू नका. दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, “ताई, खडकाला लागलीय, ५२०० भरू का?” नाही. भेग म्हणजे आतल्या काचेच्या धाग्यांचा आधार तुटलेला असतो, तो सीलंटने परत येत नाही. ग्राइंडरने भेगेच्या दोन्ही बाजूंना लांब उतार काढायचा, जाडीच्या साधारण बारा पट, आणि मॅट-रेझिनचे थर देऊन पुन्हा भरायचं. रेझिनचा माणूस मिळेपर्यंत बोट पाण्यात घालू नये, माणसं बसवून तर मुळीच नाही. सुट्टीचे दिवस आहेत, बुकिंग आहे, हे सगळं मला कळतं. तरीही नाही.

काम कधी करायचं, यावर आमच्यात बरीच चर्चा होते. जुलैत मोकळा वेळ असतो, पण सगळं ओलं. ही सीलंट दमटपणाने सेट होतात म्हणून ओल्या जागी लावली तरी चालतील, असा गैरसमज आहे. हवेतली वाफ चालते, पृष्ठभागावरचं पाणी नाही. ओलीवर लावलं की आत बुडबुडे धरतात आणि थर स्पंजासारखा होतो. आम्ही काढण्याचं, घासण्याचं आणि भोकं भरण्याचं काम पावसाळ्यात ताडपत्रीखाली करतो, आणि सीलंट लावायला ऑगस्टच्या शेवटी उघडीप धरतो. सकाळी दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आत. दुपारी जेलकोटला हात लावला तर चटका बसतो, तेव्हा सीलंट पसरेपर्यंत वर कातडी धरते.

बाहेर उन्हात उघडा राहणारा पांढरा जोड ५२०० चा असो की २९१ चा, पिवळा पडतो आणि वर पीठ धरतं. पकड जात नाही, पण नव्या बोटीवर ते वाईट दिसतं. आम्ही फिटिंगच्या बाहेर सीलंट दिसू देत नाही, म्हणून तो प्रश्न फारसा येत नाही.

खरेदीचं शेवटी सांगते, कारण पैसे तिथेच वाया जातात. या नळ्या सिलिकॉनपेक्षा कितीतरी महाग आणि न उघडता साधारण वर्षभरच टिकतात, तेही थंड जागी. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेली नळी मुदत उलटलेली निघाली. गनचा घोडा दाबला तर मागची डबी फुटली, पुढून काही आलं नाही, आत रबराचा गट्टू. पैसे परत मिळवायला पुष्कळ फोन करावे लागले. तेव्हापासून मी पार्सल उघडताना व्हिडिओ काढते, तळाची तारीख वाचते आणि नळी दाबून बघते. सारखी दबली पाहिजे, मधेच गाठ लागता कामा नये. ५२०० लागणारच असेल तर मोठ्या नळीऐवजी ९० मिलीच्या आसपासची छोटी ट्यूब घ्या. एकदा उघडलेली मोठी नळी नोझलमध्ये स्क्रू घालून, वर टेप गुंडाळून ठेवली तरी आपल्या हवेत ती पुढच्या कामापर्यंत टिकेल याची खात्री नसते. माझ्या या वर्षीच्या यादीत २९१आयच्या नळ्या, ब्युटाइलची गुंडाळी आणि ५२०० ची एकच छोटी ट्यूब आहे. ती तळाच्या एका फिटिंगसाठी आहे, आणि ते फिटिंग बोट आहे तोवर आम्ही काढणार नाही.